महालाचे गाव

धामणगावच्या बाजूने यवतमाळकडे येणाऱ्या नवख्या प्रवाशाला, सपाटीवरची काळी शेते मागे टाकून मोटार जेव्हा चढणीला लागते आणि सागाच्या विरळ झाडीतून वर येत येत एका उघड्या, वाऱ्याच्या पठारावर पोहोचते, तेव्हा या गावाच्या नावाचा उलगडा आपोआपच झाल्यासारखा वाटतो: माळावर वसलेले, म्हणून यवतमाळ. समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटरची उंची आणि तीमुळे अकोला-अमरावतीच्या मानाने वैशाखातही जराशी सुसह्य होणारी येथील रात्र, ही दोन्ही या व्युत्पत्तीच्या बाजूने साक्षीला उभी राहतात. साक्षीदार भले आहेत, पण दावा खोटा आहे. गावाचे मूळ नाव यवत किंवा यवता, आणि त्यास जोडलेला शब्द 'माळ' नसून 'महाल' होय; तोही राजवाड्याच्या अर्थाचा नव्हे, कारण राजाने राहावे असे येथे कधी काही नव्हते, तर वसुलाच्या पोटविभागाच्या, म्हणजे परगण्याच्या अर्थाचा. यवत्याचा महाल तो यवतमहाल, आणि लोकांच्या जिभेवर तोच झिजून यवतमाळ.

गावांची नावे बहुधा देवावरून, झाडावरून, नदीवरून किंवा कोणा पराक्रमी पुरुषावरून पडतात. ज्याचे निम्मे नाव जमाबंदीच्या दप्तराने दिले असे हे गाव आहे, आणि त्याचा पुढचा सर्व इतिहास वाचताना ही गोष्ट माझ्या मनातून कधी जात नाही. कारण या गावाला प्रतिष्ठा मिळाली तीही दप्तरातून, संपत्ती मिळाली ती वखारीतून, आणि पुढे त्याने बंड केले तेही एका सरकारी कायद्याच्या कलमाविरुद्ध.

अकबराच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात, १५९६ च्या सुमारास, अहमदनगरकरांच्या हातून वऱ्हाडचा सुभा मोगलांकडे गेला, आणि अबुल फजलाच्या 'आईन-इ-अकबरी'त या सुभ्याच्या सरकारांची व महालांची जी मोठी यादी आहे, तीत आपले गाव 'योत-लोहारा' अशा जोडनावाने भेटते. 'योत' म्हणजे यवताच, फारसीनविसाच्या कानाने ऐकलेले. आणि लोहारा म्हणजे गावाच्या पश्चिमेस दीड-दोन कोसांवर असलेले खेडे, जे आज शहराच्या वाढीत जवळजवळ विरून गेले आहे. दोन लहान गावांची नावे एका दोरीत ओवून त्यांचा एक महाल करावा, यात कारकुनाने केवळ आपली सोय पाहिली असेल. पण या लोहाऱ्याला वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण सव्वातीनशे वर्षांनी ते याच यवतमाळच्या गोष्टीत पुन्हा येणार आहे, आणि तेव्हा मात्र कारकुनाच्या सोयीसाठी नव्हे.

त्या काळी या मुलुखातील मातब्बर ठिकाणे दुसरी होती. पूर्वेस सहासात कोसांवरचे कळंब हे सरकारचे ठाणे, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचे गाव. तेथील चिंतामणीचे, जमिनीच्या पोटातील कुंडाचे देवालय आजही वऱ्हाडभर प्रसिद्ध आहे. दक्षिणेस पैनगंगेपलीकडे माहूर, रेणुकेचे शक्तिपीठ आणि दुर्गम किल्ला यांमुळे तर सर्वतोमुखी झालेले. यवत्याला यांपैकी काहीच लाभले नव्हते. किल्ला नाही, मोठी नदी नाही, बारा महिने यात्रा भरावी असे तीर्थ नाही. केदारेश्वराचे एक जुने देऊळ होते, पण त्याच्यासाठी कोणी परमुलखातून वाट तुडवीत येत नसे.

मराठेशाहीच्या काळातही हा अनुल्लेख तसाच चालू राहिला, आणि बखरी चाळताना यवतमाळकराने थोडे हिरमुसले व्हावे अशी ही गोष्ट आहे. सेनासाहेबसुभा कान्होजी भोसले यांचे ठाणे याच जिल्ह्यातील भांब येथे होते. शाहू महाराजांची मर्जी त्यांनी गमावली तेव्हा पुतण्या रघूजीने त्यांना वणीजवळ मंदर येथे गाठून कैद केले, आणि नागपूरच्या भोसल्यांच्या राज्याचा पाया त्या झटापटीत पक्का झाला. पुढे निजाम आणि भोसले यांची दुअंमली वऱ्हाडावर बसली: एका पाटलाच्या दारात दोन सरकारांचे दोन कमाविसदार, आणि रयतेला दोघांचीही मनधरणी. १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांनी सोडला. १८१८ च्या एप्रिलात दुसऱ्या बाजीरावाच्या पळत्या फौजेस कर्नल अ‍ॅडम्सने पांढरकवड्याजवळ शिवणीला गाठून तिची दाणादाण उडविली. ही सर्व रणधुमाळी यवत्याच्या भोवती दहा-पंधरा-वीस कोसांच्या वर्तुळात होत राहिली आणि गाव मध्यभागी स्वस्थ बसून राहिले. कदाचित याच स्वस्थपणाचे फळ त्याला पुढे मिळाले असेल.

१८५३ साली हैदराबादच्या कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. मुलूख निजामाचा, वसूल इंग्रजांचा, आणि शिलकीचा हिशेब हैदराबादला सादर करावयाचा, असा हा चमत्कारिक करार होता, आणि तो अर्धे शतक चालला. नव्या कारभाऱ्यांनी प्रथम या विस्तीर्ण प्रांताचे मोजकेच भाग पाडले होते; पण आग्नेयेकडचा डोंगराळ, झाडीचा, गोंड-कोलामांचा व बंजाऱ्यांच्या तांड्यांचा भाग दूरच्या ठाण्यावरून सांभाळता येईना, तेव्हा १८६४ मध्ये यवतमाळ, दारव्हा, केळापूर आणि वणी हे तालुके एकत्र करून 'आग्नेय वऱ्हाड' या नावाचा स्वतंत्र जिल्हा निर्माण करण्यात आला. लवकरच त्याचे नाव बदलून 'वणी जिल्हा' असे ठेवण्यात आले, आणि मुख्य ठाणे म्हणून मात्र निवड झाली यवतमाळची.

नाव एका गावाचे आणि कचेरी दुसऱ्या गावात, ही स्थिती सुमारे चाळीस वर्षे टिकली. वणीकरांना तिचा अभिमान वाटला असेल की विषाद, हे सांगणे कठीण आहे. माझा तर्क असा की वणीला नाव मिळाले आणि यवतमाळला पगार, आणि या व्यवहारात यवतमाळ मुळीच फसले नाही. निवडीची कारणे नकाशा पाहिला तर ध्यानात येतात. वणी हे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला वर्धेच्या खोऱ्यात पडते. यवतमाळ पठारावर, हवेने बरे, आणि मुख्य म्हणजे बाहेरच्या जगाकडे जाणाऱ्या वाटेच्या जवळ. ती वाट लवकरच लोखंडाची झाली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला आगगाडीचा रस्ता नागपूरला पोहोचला, आणि त्यावरील धामणगाव हे स्थानक यवतमाळपासून सुमारे पंधरा कोसांवर आले.

डेप्युटी कमिशनरची कचेरी ज्या गावात बसते त्या गावाचे रूप काही वर्षांत कसे पालटते, हे पाहण्यासारखे असते. प्रथम खजिना येतो, कारण वसूल कोठेतरी ठेवला पाहिजे, खजिन्यापाठोपाठ पहारा, पहाऱ्यापाठोपाठ तुरुंग, आणि फौजदारी-दिवाणी न्यायालये बसली की वकील, मुखत्यार, शिरस्तेदार, नाझर, बेलिफ, पट्टेवाले आणि स्टँपव्हेंडर अशी एक संपूर्ण नवी ज्ञाती गावात वस्तीला येते. कचेरीसमोरच्या झाडाखाली बैठक मारून बसलेला अर्जनवीस हे या नव्या समाजाचे सर्वांत खालचे, पण रयतेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे माणूस. मांडीवर लाकडी डेस्क, कानावर टाक, शेजारी शाईची दौत, आणि समोर उकिडवा बसलेला केळापूरकडचा कोणी कास्तकार, जो आपली हकीकत सांगता सांगता मध्येच थांबून "हे बी लिवून टाका जी," असे म्हणतो. अर्जनवीस मान हलवतो, पण लिहीत नाही. कारण कोणते दुःख अर्जात बसते आणि कोणते बसत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक झालेले असते. टाकाच्या जागी टंकलेखनयंत्र आले, आणि आता संगणकही आला. तरी झाडाखालच्या त्या माणसाची गरज मात्र कोणत्याही जिल्हा कचेरीच्या दारात संपलेली दिसत नाही.

या नव्या कारभाराने यवतमाळच्या मुलुखात एक खास गोष्ट केली, तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. जिल्ह्यात ओसाड मौजे फार होते. कित्येक गावांची केवळ नावे दप्तरात उरली होती, आणि गावठाणावर साग, पळस व बाभळी वाढल्या होत्या. अशी उजाड गावे १८६५ च्या नियमांन्वये ठरावीक मुदतीच्या इजाऱ्याने देण्याचा उपक्रम सुरू झाला. ज्याच्यापाशी भांडवल आणि धाडस असेल त्याने अख्खे गाव घ्यावे, कुळे आणून बसवावीत, झाडी तोडून जमीन वहितीला आणावी आणि सरकारात ठरलेला वसूल भरावा. वऱ्हाडचा बहुतेक भाग रयतवारी असताना हा जिल्हा असा इजारदारांचा झाला. या व्यवस्थेने लागवड वाढली हे खरे, आणि गावेच्या गावे एकेका घराच्या मुठीत गेली हेही तितकेच खरे. कुळ आणि इजारदार यांचे तंटे यवतमाळच्या वकिलांना दोन-तीन पिढ्या पुरले. स्वातंत्र्यानंतर, हा जिल्हा मध्यप्रदेशात असताना, १९५० साली मालकी हक्कांच्या निर्मूलनाचा कायदा झाला आणि इजारे संपुष्टात आले. त्या कायद्याच्या लांबलचक शीर्षकात 'महाल' हा शब्द शेवटचा डोकावून गेला, हे वाचले तेव्हा मला जुना परिचित रस्त्यात भेटल्यासारखे वाटले. काही गावांच्या नावांना चिकटलेला 'इजारा' हा शब्द सातबाऱ्यावर अजून दिसतो.

पण कचेरीने गाव उभे केले तरी ते वाढविले कापसाने. अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्यांची भूक वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली, आणि जिल्ह्याचा जन्म बरोबर याच तेजीच्या दिवसांत झाला. धामणगावच्या रस्त्याने कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. पुढे जिनिंगचे आणि प्रेसिंगचे कारखाने येथेच निघाले. सरकी निराळी, रुई निराळी, आणि रुईच्या दाबून आवळलेल्या गठाणी निराळ्या, अशी कापसाची विभागणी गावातच होऊ लागली. मारवाडी, गुजराती आणि कच्छी व्यापारी आले, त्यांनी पेढ्या घातल्या, धर्मशाळा बांधल्या, आणि एका पिढीत ते वऱ्हाडी बोलू लागले. १८६९ मध्ये स्थापन झालेली नगरपालिका काही काळाने बंद पडली होती. ती १८९४ मध्ये पुन्हा स्थापन झाली, आणि १९०१ च्या खानेसुमारीत गावाची लोकसंख्या १०,५४५ भरली. आजच्या मानाने हे एक मोठे खेडेच. परंतु त्याच्या पाठीशी आता जिल्ह्याचा व्यापार उभा होता.

दिवाळीनंतरच्या दिवसांत कापसाच्या बाजारात सकाळी जाऊन उभे राहावे. रात्रभर चालून आलेल्या गाड्या पहाटे आवारात सुटलेल्या असतात; बैल कडबा चघळत बसलेले, धुऱ्यावर घोंगडी पांघरून धनी अर्धवट झोपेत, आणि पांढऱ्या ढिगांवर दवाचा ओलसर वास. बाजार उघडला की दलाल आणि खरीदार गाडीगाडीने फिरतात. खरीदार मूठभर कापूस खोलवरून उपसतो, कारण वरच्या थराची नियत त्याला माहीत असते. सरकीवरची चिमूटभर रुई तोडून दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत धरतो, ओढतो, तुटलेली टोके एकमेकांवर ठेवून पुन्हा ओढतो, असे तीन-चार वेळा करता करता चिमटीत एक सरळ, रेशमासारखा झुबका उरतो, आणि त्याच्या लांबीवरून तो धाग्याची प्रत ठरवतो. मग सरकी दाताखाली धरून फोडायची. फुटताना आवाज आला तर माल वाळलेला, नाही आला तर ओल. हे सर्व अर्ध्या मिनिटात, एक शब्द न बोलता. गाडीचा धनी या वेळी कापसाकडे पाहत नाही. खरीदाराच्या तोंडाकडे पाहतो. "काय निंगला जी भाव?" हा प्रश्न तो अडत्याला विचारतो, आणि अडत्या बहुधा उत्तरादाखल आधी चहा मागवतो. आठ महिन्यांची मेहनत त्या चहाच्या कपावर ठरलेली मी पाहिली आहे.

कापसाला वाट हवी होती, आणि ती अरुंद रुळांची मिळाली. किलिक निक्सन या विलायती पेढीच्या व्यवस्थेखाली विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटरचा, अडीच फूट रुंदीचा रस्ता घातला गेला. कारंजा, दारव्हा अशी कापसाची गावे गोळा करीत तो मुख्य मार्गाला मिळे. लोकांनी या गाडीला 'शकुंतला' म्हटले, आणि तपोवनातील मुग्धेचे नाव तिला का शोभले हे तिच्यातून प्रवास केलेल्या कोणासही सांगावे लागत नाही. १९२१ साली मँचेस्टरमध्ये घडविलेले वाफेचे इंजिन या रस्त्यावर १९९४ च्या एप्रिलपर्यंत राबले. मँचेस्टरला कापूस पाठविण्यासाठी मँचेस्टरनेच इंजिन पाठवावे, आणि कापूस घेणारे गेल्यावरही ते इंजिन येथेच धापा टाकत राहावे, यात साम्राज्याच्या अर्थशास्त्राचा एक धडा आहे. देशातील आगगाड्यांचे राष्ट्रीयीकरण झाले तरी हा रस्ता कंपनीच्याच मालकीचा राहिला आणि सरकार त्याचा मोबदला भरत राहिले. उतरत्या काळात गाडीवर माणसे इतकी थोडी उरली की फाटक आले म्हणजे गाडी थांबायची, कोणीतरी उतरून फाटक लावायचे, गाडी पलीकडे गेली की फाटक उघडून पुन्हा डब्यात चढायचे. तिकीटही तेच फाडायचे. गेल्या दशकात ती गाडी थांबली. यवतमाळच्या जुन्या स्थानकाच्या आवारात आता गवत आहे.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाकडून वऱ्हाड सालिना पंचवीस लक्ष रुपयांच्या बोलीवर कायमच्या इजाऱ्याने घेतले. म्हणजे ओसाड गावांबाबत जे येथे चालले होते तेच संपूर्ण प्रांताबाबत झाले. प्रांत मध्यप्रांतास जोडला गेला, जिल्ह्यांची फेररचना झाली, वाशीम जिल्ह्यातून पुसद तालुका इकडे आला, आणि १९०५ मध्ये जिल्ह्याला अखेर त्याच्या ठाण्याचे नाव मिळाले.

ज्या वकिलांना कचेरीने पोटाला लावले होते, त्यांच्यातूनच कचेरीचे विरोधक निघाले. हा प्रकार त्या पिढीत हिंदुस्थानभर घडला, पण लहान गावात तो अधिक ठळक दिसतो, कारण तेथे सरकारी वकील, बागी वकील आणि न्यायाधीश संध्याकाळी एकाच रस्त्याने फिरायला जातात. 'हरिकिशोर' या पत्राचे संपादक पृथ्वीगीर हरिगीर गोसावी हे टिळकपंथी. गोसावी संप्रदायावर मोठा ग्रंथ लिहिणारा हा अभ्यासू पुरुष सरकारच्या रोषासही पात्र झाला होता. तपस्वी बाबासाहेब परांजपे यांनी राष्ट्रीय शिक्षणाची शाळा चालविली होती; 'वंदे मातरम्'च्या प्रकरणी नागपूरच्या शाळेतून काढून टाकलेला केशव बळिराम हेडगेवार नावाचा विद्यार्थी याच शाळेत शिकण्यास आला. सरकारी दडपणापुढे ती शाळा फार काळ टिकू शकली नाही. आणि १९०८ मध्ये अमरावतीची शिक्षकी सोडून एक तरुण वकील यवतमाळास बिऱ्हाड करून राहिला, त्याचे नाव माधव श्रीहरी अणे.

बापूजी अणे मूळचे वणीचे. २९ ऑगस्ट १८८० हा त्यांचा जन्मदिवस. जिल्ह्याच्या नावावरून हटलेल्या वणीने जणू त्यांच्या रूपाने यवतमाळवर आपला हक्क पुन्हा बसविला. लोकमान्यांचे अनुयायी, संस्कृतचे व्युत्पन्न पंडित, स्वभावाने सौम्य, मताने मात्र इतके स्वतंत्र की पुढे गांधीजींच्या चळवळीत पडूनही त्यांनी टिळकांचा प्रतियोगी सहकार सोडला नाही. १९१८ मध्ये यवतमाळहून 'लोकमत' हे साप्ताहिक त्यांनी चालविले. तेच नाव पुढे जवाहरलाल दर्डा यांनी आधी येथील साप्ताहिकास आणि १९७१ मध्ये नागपूरच्या दैनिकास दिले. महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलेल्या या नावाचे मूळ यवतमाळच्या एका वकिलाच्या बैठकीत आहे, हे फार थोड्या वाचकांना ठाऊक असते.

१९३० च्या मार्चमध्ये गांधीजी दांडीला निघाले तेव्हा वऱ्हाडापुढे एक अडचण उभी राहिली. मीठ करावे तर समुद्र शेकडो कोस दूर. परंतु या जिल्ह्यात मिठाहून रोजच्या जगण्याला भिडणारा एक कायदा होता, तो जंगलचा. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानातून गुरांसाठी गवत आणि चुलीसाठी काटक्या आणल्या, ते रान राखीव ठरले होते. गार्डाच्या नजरेत आलेला विळा जप्त होई आणि गुरे कोंडवाड्यात जात. बापूजींनी नेमके हेच कलम निवडले. १० जुलै १९३० रोजी पुसद येथे त्यांनी सत्याग्रहींसह राखीव जंगलातील गवत कापले आणि स्वतःस अटक करवून घेतली. पन्नाशीचा, काळ्या कोटातला, टिळकांच्या राजकारणात मुरलेला हा वकील पावसाळ्याच्या चिखलात वाकून गवताची पेंढी कापतो आहे, हे दृश्य मनासमोर आणले म्हणजे त्या वर्षीच्या हवेची कल्पना येते. मीठ हे प्रतीक होते. गवत हे प्रतीक नव्हतेच, ते त्याच संध्याकाळी कोणाच्या तरी गोठ्यात लागणार होते.

आणि येथे लोहारा पुन्हा येतो. २१ जुलै रोजी डॉक्टर हेडगेवार, जे तोवर राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक झाले होते, ते पद काही काळ दुसऱ्याकडे सोपवून आपल्या सहकाऱ्यांसह यवतमाळला आले, आणि लोहाऱ्याच्या जंगलात त्यांनी सत्याग्रह केला. त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली व अकोल्याच्या तुरुंगात पाठविण्यात आले. ज्या गावात त्यांच्या शाळेला सरकारने कुलूप लावले, त्याच गावच्या रानात बावीस-तेवीस वर्षांनी त्यांनी सरकारचा कायदा मोडला. अबुल फजलाच्या कारकुनाने वसुलासाठी जोडलेली दोन नावे त्या आषाढात अशी पुन्हा एका वाक्यात आली. त्या वर्षी जिल्ह्याच्या निरनिराळ्या भागांत अशी गवतकापणी होत राहिली, आणि पट्टेवाल्यास घाबरणाऱ्या कास्तकाराला प्रथमच असे दिसले की कलम मोडणाऱ्याच्या गळ्यात हारही पडतो.

बापूजींचे पुढचे आयुष्य यवतमाळच्या सीमेत मावण्यासारखे नव्हते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते गेले आणि १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी बाहेर पडले. सिलोनमध्ये हिंदुस्थानचे प्रतिनिधी झाले, बिहारचे राज्यपाल झाले, आणि स्वतंत्र विदर्भाचा कैवार शेवटपर्यंत घेत राहिले. लोकमान्यांचे चरित्र त्यांनी 'तिलकयशोऽर्णव' या नावाने संस्कृत पद्यात लिहिले. त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले ते त्यांच्या निधनानंतर. ते वारले तो दिवस २६ जानेवारीचा होता, साल १९६८.

स्वातंत्र्योत्तर यवतमाळविषयी मी भराभर लिहितो, कारण महाविद्यालये, मैदाने, पुतळे आणि वसाहती यांची यादी सर्व जिल्हा-ठाण्यांची सारखीच असते. त्यातल्या त्यात एक निराळी गोष्ट अशी की अमेरिकेतील फ्री मेथडिस्ट पंथाच्या मिशनऱ्यांनी येथे फार आधीपासून ठाण मांडले होते, आणि १९५३ पासून १९८३ पर्यंत, म्हणजे पुण्यास हलेपर्यंत, युनियन बिब्लिकल सेमिनरी ही देशातील नावाजलेली ख्रिस्ती धर्मविद्येची पाठशाला याच गावात होती. ईशान्येकडचे नागा, मिझो विद्यार्थी यवतमाळच्या बाजारात भाजी घेताना दिसत, आणि भाजीवालीने त्यांना "घे ना बाबू, ताजी हाय," म्हटले की हसत हसत मराठीत उत्तर देत. महाराष्ट्राच्या राजकारणात पुसदने दोन मुख्यमंत्री दिले, वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक. वसंतरावांच्याच काळात, १९७२ मध्ये, कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, आणि खरीदाराच्या चिमटीची जागा सरकारी ग्रेडरच्या चिमटीने घेतली. भावाची हमी मिळाली. चुकाऱ्याची वाट पाहणेही त्याबरोबर आले. पुढे ती योजना मोडकळीस येऊन संपली.

गावाचा स्वभाव सांगावयाचा तर तो नवरात्रात पाहावा. येथील दुर्गोत्सव कलकत्त्याच्या खालोखाल आहे असे यवतमाळकर छाती ठोकून सांगतो, आणि परक्याने शंका काढलीच तर वाद घालण्याऐवजी त्याला रात्री दहा वाजता रस्त्यावर घेऊन जातो. गर्दीत खेड्यापाड्यांतून मालमोटारींत बसून आलेली कुटुंबे असतात, कारण कापूस तेव्हा नुकताच फुटू लागलेला असतो आणि हाती पैसा येण्याआधीची ही शेवटची निवांत रात्र असते. वाङ्मयाचीही येथे हौस आहे. १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन येथे भरले. २०१९ मध्ये पुन्हा भरले तेव्हा अध्यक्षा अरुणा ढेरे होत्या. या दुसऱ्या संमेलनापूर्वी उद्घाटक म्हणून बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेण्यात आले, आणि त्यावरून सबंध महाराष्ट्रात जे वादळ उठले त्यात यजमान गावाची अवस्था लग्नघरी भांडण लागलेल्या वधुपित्यासारखी झाली. शेवटी उद्घाटनाचा दीप वैशाली येडे यांनी लावला: आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी, कळंब तालुक्यातील. साहित्यिकांनी घातलेल्या घोळातून निघालेली ही वाट त्यांनी योजलेल्या कोणत्याही वाटेपेक्षा अधिक सरळ होती, असे माझे मत आहे.

कारण याच जिल्ह्यातील, महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी एकत्र आपले जीवन संपविले, आणि त्यानंतरच्या तीन-चार दशकांत 'यवतमाळ' हे नाव दिल्ली-मुंबईच्या वृत्तपत्रांत बहुधा एकाच प्रकारच्या बातमीत येत राहिले. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. शहराच्या सरकारी रुग्णालयाच्या खाटांवर डोळ्यांना पट्ट्या बांधलेले मजूर पडलेले होते, आणि त्यांचे नातेवाईक बाहेर झाडाखाली. शहराला पाण्याचेही दैन्य आहे. पठाराची उंची हवेला मानवते, पाण्याला नाही. निळोणा आणि चापडोह या दोन धरणांवर तहान भागविणाऱ्या या गावात २०१८ च्या उन्हाळ्यात नळ कोरडे पडले, आणि लोक पाण्याच्या टँकरची वाट पाहत रात्री जागू लागले. शहराची वस्ती २०११ मध्ये सव्वा लाखाच्या थोडी खाली होती. जिल्ह्याची २७ लाख ७२ हजार. एवढ्या माणसांचे अर्ज येथील कचेरीत येतात.

२००९ मध्ये वर्धा-यवतमाळ-नांदेड या रुंद रुळांच्या रस्त्याचा आरंभ झाला. पूल बांधले गेले, डोंगर फोडले गेले, शेते गेली, मोबदल्याचे दावे लागले. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळजवळ झालेल्या पंतप्रधानांच्या समारंभात वर्ध्याकडून आलेल्या पहिल्या तुकड्यावर गाडी सोडण्यात आली, आणि ती जेमतेम एकोणचाळीस किलोमीटर धावून कळंबला थांबली. अकबराच्या वेळी सरकारचे ठाणे असलेले, पुढे यवतमाळच्या कचेरीखाली तालुक्याचे गाव होऊन राहिलेले ते कळंब. त्या दिवशी चिंतामणीच्या गावात लोक फलाटावर जमून इंजिनाला हार घालीत होते.